संकरित घोडा आणि स्वारीची कसोटी : स्टँडर्डब्रेड व भीमथडी यांच्या निमित्ताने

बीजसंज्ञा : अश्वसंकर, चाल, स्टँडर्डब्रेड, भीमथडी, संकर-ओज

प्रस्तावना

घोडा हा आता आपल्या दैनंदिन व्यवहारातील प्राणी राहिलेला नाही. टांगा रस्त्यावरून गेला, पोस्टाची व पाटीलकीची घोडी त्याआधीच गेली. तरीही वऱ्हाडात घोडा बाळगण्याची हौस पुरती मावळलेली नाही. वरातीसाठी, मिरवणुकीसाठी आणि अलीकडे मुलांना स्वारी शिकविण्यासाठी घोडा घेणारी मंडळी दत्तजयंतीच्या सुमारास नंदुरबार जिल्ह्यातील सारंगखेड्याची वाट धरतात, तर काही नांदेड जिल्ह्यातील माळेगावच्या खंडोबाची यात्रा गाठतात. बाजारात घोड्याची उंची इंचांत विचारली जाते, रंग पाहिला जातो, मानेखालचा देवमण व अंगावरचे भोवरे तपासले जातात, चारही पाय व तोंड पांढरे असेल तर पंचकल्याणी म्हणून भाव चढतो. आणि मग विचारले जाते, रक्त कोणते? मारवाडी, काठियावाडी, सिंधी, पंजाबचा नुकरा, की यांपैकी एखाद्याचा थरोब्रेडशी झालेला संकर?

हा शेवटचा प्रश्न वरवर शास्त्रीय वाटतो. परंतु घोडा स्वारीसाठी हवा असेल तर भोवऱ्यांच्या प्रश्नाइतकाच तोही अपुरा आहे, असे प्रस्तुत लेखकाचे मत आहे. संकरित घोडा स्वारीसाठी घ्यावा की नाही याचे उत्तर रक्ताच्या नावात नसते, ते कसोटीत असते. आणि नेमकी तीच आपल्याकडे घेतली जात नाही. हे स्पष्ट करण्यासाठी एका परक्या जातीचा आधार घ्यावा लागेल. अमेरिकेची स्टँडर्डब्रेड ही जात आपल्या बाजारात मिळत नाही. मात्र जोडाच्या गाडीसाठी घडविलेला घोडा खोगिराखाली कसा वागतो, त्याच्या संकरात काय उतरते व काय उतरत नाही, याचा अभ्यास तिच्या व तिच्यासारख्या जातींच्या बाबतीत जितका झाला आहे तितका आपल्या एकाही जातीचा झालेला नाही.

स्टँडर्डब्रेड : कसोटीतून जन्मलेली जात

१७८८ मध्ये मेसेंजर नावाचा एक पांढुरका थरोब्रेड घोडा इंग्लंडहून अमेरिकेत आणला गेला. त्याच्या वंशात १८४९ साली न्यूयॉर्क राज्यात हॅम्बल्टोनियन जन्मला. या एका घोड्याची तेराशेहून अधिक शिंगरे झाली, आणि आजचे बहुतेक सारे स्टँडर्डब्रेड त्याच्यापर्यंत जाऊन पोहोचतात. थरोब्रेडखेरीज या जातीत मॉर्गन, नॉरफोकचे दुडकी चालणारे घोडे आणि अमेरिकेतील जुने एकांगी चालीचे घोडे यांचे रक्त मिसळले. म्हणजे ही जात मुळात सरळसरळ संकर होती.

तिला जात कशाने केले, हे तिच्या नावातच आहे. १८७९ मध्ये तेथील पैदासकारांच्या संघटनेने नोंदणीसाठी एक मान ठरविला : एक मैल अंतर दोन मिनिटे तीस सेकंदांत, आणि तेही चौखूर न उधळता. त्या मानास जो उतरेल, किंवा ज्याची संतती उतरेल, तो नोंदवहीत. बाप कोण हा प्रश्न होता, पण तो दुसऱ्या क्रमांकाचा. नोंदवही वंशावर बंद झाली ती पुढे, कसोटीने आपले काम केल्यावर. आज याच जातीचे निवडक घोडे तो मैल एक मिनिट पन्नास सेकंदांच्या आत काढतात.

येथे चालींविषयी थोडे सविस्तर लिहिणे आवश्यक आहे, कारण पुढील सारे विवेचन त्यांवर उभे आहे. दुडकीत घोड्याचे तिरपे दोन पाय, म्हणजे पुढचा उजवा व मागचा डावा, एकदम पडतात; टापांचे ठोके दोन. एकांगी चालीत एकाच बाजूचे दोन्ही पाय एकदम पुढे जातात, उंटासारखे. ठोके याही चालीत दोनच, पण स्वार कुशीवरून कुशीवर हेलकावतो. त्यानंतरची तीन ठोक्यांची मंद धाव आणि चार ठोक्यांची भरधाव. एकांगी चालीचे पाय जरा मागेपुढे पडू लागले की चार सुटे ठोके ऐकू येतात आणि पाठ जवळजवळ स्थिर राहते; आपल्याकडे सिंधी व मारवाडी घोड्यांत जिचे कौतुक होते ती रेवाल चाल या कुळातली. हातात पाण्याचा पेला धरून बसावे अशी तिची ख्याती आहे. आपल्या पूर्वजांनाही चालींचे हे भान होते : अमरकोशात घोड्याच्या पाच गतींना धारा म्हटले असून धौरितक, वल्गित, प्लुत अशी त्यांची स्वतंत्र नावे दिली आहेत. भोवऱ्यांचे ज्ञान बाजारात टिकले, धारांचे मात्र विस्मरण झाले, ही खेदाची गोष्ट आहे.

स्टँडर्डब्रेडमध्ये दुडकीचे आणि एकांगी चालीचे असे दोन वेगळे प्रवाह आहेत. दोन्हींत चौखूर उधळण्याची ओढ निवडीने कमी केलेली आहे; कारण शर्यतीत गाडीला जुंपलेला घोडा उधळला तर त्याला आवरून पुन्हा ठरलेल्या चालीवर आणावे लागते आणि तेवढ्यात शर्यत हातची जाते. अशा घोड्यावर खोगीर चढविले की स्वाराला प्रथम जाणवते ते हेच. घोडा शांत असतो, वाहनांना बुजत नाही, पायाने मजबूत असतो. परंतु तीन ठोक्यांची धाव मागितली तर तो आपली दुडकी अधिकाधिक लांबवतो, किंवा एकांगी चालीत शिरतो. लगाम त्याला ठाऊक असतो, पण तो मागे गाडीत बसलेल्या माणसाच्या हातचा. पाठीवरचे वजन आणि मांडीचा दाब यांचा अर्थ त्याला नव्याने शिकवावा लागतो.

यात शिक्षणाचा भाग किती आणि उपजत भाग किती? २०१२ मध्ये स्वीडनच्या उप्साला विद्यापीठातील संशोधकांनी 'नेचर' या नियतकालिकात याचे मोठे उत्तर दिले. डीएमआरटी-३ या जनुकातील एका बदलामुळे त्यापासून बनणारे प्रथिन अपुरे राहते. हे जनुक मज्जारज्जूतील अशा चेतापेशींत कार्य करते, ज्या डाव्या-उजव्या व पुढच्या-मागच्या पायांचा मेळ घालतात. बदललेल्या जनुकाच्या दोन प्रती असलेल्या घोड्याला एकांगी किंवा चार ठोक्यांची चाल सहज साधते, आणि दुडकीतून चौखूर धावेत जाणे जड जाते. अमेरिकेतील स्टँडर्डब्रेडमध्ये हा बदल जवळजवळ सर्वांत आहे. जुन्या हाडांच्या अभ्यासातून २०१६ मध्ये असेही दिसले की, नवव्या शतकातील इंग्लंडमधील घोड्यांत हा बदल आढळतो आणि त्याच्या पाठोपाठ आइसलंडमध्ये.

आता संकराचा विचार करू. स्टँडर्डब्रेड घोडा आणि हा बदल नसलेल्या जातीची घोडी यांच्या शिंगरात बदललेली प्रत एकच येते. अशा घोड्याची चाल आईबापांच्या अधल्यामधल्या कोठे तरी पडते, आणि धाव घेणे बापापेक्षा त्याला सोपे जाते. फिनलंडच्या देशी घोड्यांवरील २०१५ च्या अभ्यासाने या विषयावर नेमका प्रकाश टाकला : गाडीच्या शर्यतीत दोन प्रती असलेले घोडे सरस ठरले, तर स्वारीच्या गुणांत, विशेषतः दुडकी व धाव यांच्या गुणांकनात, ती प्रत नसलेले. एकाच जातीच्या, एकाच नोंदवहीतील या घोड्यांत जातीचे नाव दोघांनाही सारखेच होते; एका जनुकाने त्यांची कामे वेगळी केली. पहिल्या पिढीचे दोन संकर एकमेकांशी लावले तर शिंगरांत दोन प्रतींचे, एका प्रतीचे आणि प्रत नसलेले असे तिन्ही प्रकार निघतील. बाजारात मात्र तिघेही 'क्रॉस' म्हणूनच उभे राहतील.

दख्खनचा संकर

आपल्याकडे संकराचा इतिहास फार जुना आहे. दख्खनला घोडा समुद्रावरून आला. चौल, दाभोळ, गोवा या बंदरांतून अरबी व इराणी घोडे उतरत. १४७० च्या आसपास अफनासी निकितिन हा रशियन व्यापारी एकच घोडा घेऊन चौलला उतरला. जुन्नरच्या अधिकाऱ्याने तो हिसकावून घेतला, परत मिळाल्यावर पुढे त्याने तो बीदरकडे विकला. एका घोड्यासाठी माणूस एवढा प्रवास करीत असेल तर त्या मालाचा भाव काय असेल, याची कल्पना यावी. या आयात घोड्यांचे रक्त भीमा-नीरेच्या खोऱ्यांतील स्थानिक घोड्यांत मिसळून सतराव्या-अठराव्या शतकांत जे काटक, लहान चणीचे तट्टू घडले ते भीमथडी. थडी म्हणजे नदीकाठ.

या तट्टाची कसोटी घेतली ती मोहिमांनी. शिवकालीन पागेत पंचवीस बारगिरांमागे एक हवालदार, आणि त्यांच्या दिमतीस एक पखालजी व एक नालबंद असे. ही व्यवस्था पाहिली म्हणजे त्या काळी घोड्याचे पाणी आणि घोड्याचे खूर यांना किती महत्त्व होते ते कळते. जो घोडा रोजच्या मजलीत लंगडला, कडब्यावर टिकला नाही, डोंगरवाटेला बिचकला, तो पैदाशीतून आपोआप गळाला. ही निवड कोणी कागदावर मांडली नव्हती, तरी अमेरिकेतील अडीच मिनिटांच्या मानाइतकीच ती कठोर होती.

वऱ्हाड या इतिहासाच्या कडेला नाही. २९ नोव्हेंबर १८०३ रोजी आजच्या अकोला जिल्ह्यातील अडगावच्या मैदानावर शिंदे-भोसल्यांच्या फौजेचा वेलस्लीने पराभव केला आणि पंधरवड्याभरात गाविलगड पडला. पुढे निजामाच्या नावाने व इंग्रजांच्या हुकमतीखाली उभ्या राहिलेल्या हैदराबाद कंटिन्जंटची छावणी अचलपूरला होती. तिचे रिसाले शिलेदारी पद्धतीवर चालत, म्हणजे स्वार घोड्यासह भरती होई. १९०३ नंतर त्यांचेच डेक्कन हॉर्स आदी पलटणींत रूपांतर झाले. पण तोवर इंग्रजी लष्कराची नजर उंच घोड्यावर स्थिरावली होती. ऑस्ट्रेलियातून येणारे वेलर घोडे, जे स्वतःच संकरज होते, घोडदळाचा मुख्य पुरवठा बनले. लहान तट्टाची गरज सरकारला उरली नाही. ते मेंढपाळ धनगरांच्या वाड्यांबरोबर राहिले, बिऱ्हाड वाहत, पुणे-सोलापूर-साताऱ्यापासून कोकणापर्यंत ये-जा करीत. एका अर्थी त्यांची कसोटी चालूच राहिली, फक्त ती आता स्वारीची नव्हती, ओझ्याची होती.

स्वारीचा हिशेब

मग थरोब्रेडचा संकर का करावासा वाटतो? त्याला एक सबळ कारण आहे आणि ते प्रामाणिकपणे मान्य केले पाहिजे : वजन. अमेरिकेतील ओहायो राज्य विद्यापीठात २००८ मध्ये आठ घोड्यांवर वेगवेगळे भार लादून पाहिले गेले. स्वार व खोगीर मिळून घोड्याच्या वजनाच्या वीस टक्क्यांपर्यंत भार असता फरक थोडा दिसला, पंचवीस-तीस टक्क्यांना मात्र स्नायूंचा ताण व दुखरेपणा स्पष्ट वाढला. हा हिशेब आपल्याकडे लावून पाहावा. अडीचशे किलो वजनाच्या तट्टावर पन्नास किलोच बसतात, खोगिरासह. साडेतीनशे किलोच्या मारवाडीवर सत्तर. साडेचारशे किलोच्या संकरावर नव्वद. लहान मुलांच्या स्वारीसाठी तट्टू उत्तम. प्रौढ माणसाला मात्र मोठ्या घोड्याचा विचार करावाच लागतो. मोहिमेवरच्या मावळ्याची देहयष्टी आणि आजच्या प्राध्यापकाची देहयष्टी यांतील अंतर येथे लक्षात घ्यावे.

परंतु थरोब्रेडकडून केवळ उंची व वजन येत नाही. त्याचे पातळ खूर येतात, तेज स्वभाव येतो, खुराकाची मागणी येते. हा घोडा दोन वर्षांच्या वयात शर्यतीत उतरण्यासाठी निवडलेला आहे. बारा वर्षे शांतपणे खडकाळ शेतरस्त्याने चालण्यासाठी नाही. शिवाय त्याला दाणा मोजून व वेळेवर लागतो आणि वरूडच्या मे महिन्यात सावली व पाणी यांची तरतूद त्याच्यासाठी आधी करावी लागते. हाड बारीक आणि धड भारी असा संकर हा सर्वांत फसवा : दिसायला उमदा, दोन वर्षांत पुढच्या पायांनी बाद. त्याउलट आईचे कठीण खूर व पिंडाचा काटकपणा आणि बापाची लांब खांदेदार चाल एकत्र आलेला संकर हा स्वारीचा फार चांगला घोडा ठरू शकतो. दोन्ही सख्खी भावंडे असू शकतात.

येथे संकर-ओजाविषयी एक गैरसमज दूर करणे अगत्याचे आहे. संकराने येणारा जोम हा प्रामुख्याने जगण्याची चिकाटी, प्रजननक्षमता, वाढ यांत दिसतो. चाल, खांद्याचा कोन, पाठीची लांबी यांना तो लागू पडेलच असे नाही. ती अंगे बहुधा आईबापांच्या मधे कोठे तरी येतात. शिवाय संकर-संकरांच्या दुसऱ्या पिढीत हा जोम निम्म्यावर येतो आणि विविधता मात्र वाढते. 'क्रॉसचा क्रॉस' म्हणून अधिक दाम मोजणाऱ्याने हे ध्यानी घ्यावे.

स्टँडर्डब्रेडच्या खोगिराखालील अडचणीशी आपल्याकडे समांतर जाणारी गोष्ट म्हणजे नाचाचा घोडा. सारंगखेड्याच्या चेतक महोत्सवात अश्वनृत्याच्या स्पर्धा होतात, लग्नसराईत ढोलाच्या तालावर पाय उचलणाऱ्या घोड्याला मागणी असते. तो घोडा दुसऱ्या कामासाठी घडलेला आहे. पाठ आत घेऊन, मान ताठ उंच ठेवून जागच्या जागी पाय उचलण्याची सवय ही स्वारीत लागणाऱ्या सैल, लांब, पुढे सरकणाऱ्या पाठीच्या नेमकी उलट. कडक लगामाने तोंड बधिर झाले असेल तर शिकविण्याचे काम दुप्पट होते. हे घोडे पुन्हा शिकत नाहीत असे नाही. जसे गाडीचे स्टँडर्डब्रेड शिकतात, तसे हेही शिकतात. पण त्यासाठी लागणारे महिने विकत घेताना किमतीत धरलेले नसतात.

तेव्हा पाहायचे ते असे. घोडा सपाट, कठीण जमिनीवर मोकळ्या दोरीने चालवून व दुडकवून घ्यावा आणि डोळे मिटून टापा ऐकाव्यात. ठोक्यांतली विषमता कानाला डोळ्याआधी कळते. चारही खूर उचलून पाहावेत. वय दातांवरून ठरवावे : पुढचे दुधाचे दात साधारण अडीच, साडेतीन व साडेचार वर्षांच्या टप्प्यांनी पडतात, पाचव्या वर्षी तोंड पुरे होते. पाठीच्या मणक्यांची वाढ त्याहूनही उशिरा पुरी होत असल्याने, तीन वर्षांच्या उंच संकराला 'तयार घोडा' म्हणणे हे अज्ञान तरी असते किंवा लबाडी तरी. मालकाने किंवा मोतद्दाराने स्वतः बसून दाखविल्याशिवाय आपण बसू नये. बाजाराच्या गर्दीत घोडा शांत दिसला तर तो थकलेला आहे की खरोखर शांत, हे दुसऱ्या दिवशी सकाळी पुन्हा पाहावे. शेंबा अर्थात ग्लँडर्स हा माणसालाही होणारा जीवघेणा रोग आहे. २००९ च्या प्राण्यांतील संसर्गजन्य रोग कायद्यानुसार तो कळविणे बंधनकारक आहे आणि निदान झालेला घोडा मारावा लागतो. रक्ततपासणीचा दाखला पाहिल्याखेरीज दावणीला नवा घोडा बांधणे म्हणजे घरातील माणसांचाही जीव टांगणीला लावणे होय.

संकराने काय गमावले जाते

एक प्रश्न खरेदीदाराच्या पलीकडचा आहे. स्टँडर्डब्रेडच्या रक्तात जे जुने एकांगी चालीचे घोडे मिसळले, त्यांत र्‍होड आयलंडचा नॅरागान्सेट पेसर प्रमुख होता. अठराव्या शतकात लांबच्या स्वारीसाठी याहून सुखाचा घोडा अमेरिकेत नव्हता. मागणी एवढी की वेस्ट इंडीजच्या ऊसमळ्यांकडे त्यांची जहाजे भरून निर्यात झाली, उरलेल्या घोड्या इतर जातींच्या घोड्यांना लावल्या गेल्या. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस शुद्ध नॅरागान्सेट एकही उरला नाही. त्याची चाल इतर जातींत जिवंत आहे; तो नाही.

वरूडच्या वाचकाला यासाठी अमेरिकेपर्यंत जाण्याचे कारण नाही. शेजारच्या आष्टी-कारंजा-आर्वी पट्ट्यात गवळाऊ गायीचे काय झाले ते आपण पाहिले आहे. दुधासाठी झालेला विदेशी संकर फायद्याचा होता की नव्हता यावर मतभेद संभवतात. परंतु संकरासाठी लागणारी शुद्ध गवळाऊ गायच शोधावी लागते, याविषयी ते संभवत नाहीत. प्रत्येक पहिल्या पिढीच्या संकराला एक शुद्ध आई लागते. सर्व माद्या संकराला लावल्या की पुढच्या संकराचा कच्चा मालच संपतो.

या पार्श्वभूमीवर २०२३ चे वर्ष महत्त्वाचे ठरते. नागपूरच्या राजा बढे यांच्या ज्या गीतात भीमथडीच्या तट्टांचा उल्लेख आहे त्याला त्या वर्षी राज्यगीताचा दर्जा मिळाला, आणि त्याच वर्षाच्या अखेरीस भीमथडीला राष्ट्रीय पातळीवर स्वतंत्र जात म्हणून मान्यता मिळाली. काठियावाडी, मारवाडी, मणिपुरी, स्पिती, झंस्करी, भुतिया आणि कच्छी-सिंधी यांच्यानंतरची ही देशातील आठवी नोंदलेली अश्वजात. तोवर सरकारी कागदात ती केवळ 'स्थानिक तट्टू' होती आणि तिचा संकर होणे म्हणजे सुधारणा समजली जाई. आता निदान ज्याचे जतन करायचे त्याला नाव आहे.

मात्र नोंदणीत नमूद होते ते उंची, रंग, कानांची ठेवण, आढळप्रदेश. स्वारीच्या कसोटीची ओळ त्यात नाही. भीमथडीतील किती तट्टे चार ठोक्यांची सुखाची चाल देतात, किती खडकाळ वाटेवर बिननाल टिकतात, डीएमआरटी-३ चा बदल त्यांत आहे की नाही, हे प्रश्न पदव्युत्तर प्रबंधाच्या आवाक्यातले आहेत. अयाळीचे काही केस एवढाच नमुना पुरतो. अकोला व नागपूर येथे पशुवैद्यकाच्या संस्था आहेत, हिसारला राष्ट्रीय अश्व संशोधन केंद्र आहे, आणि प्राणिशास्त्र, इतिहास व शारीरिक शिक्षण हे तिन्ही विभाग ज्यांत आहेत अशी महाविद्यालये या विभागात कमी नाहीत. धनगरांचे वाडे पावसाळा सरताच उतरणीला लागतात. घोड्यांची मोजणी, चालींची नोंद आणि नमुने गोळा करणे त्या वाटेवर थांबूनच करावे लागेल, आणि त्यासाठी आधी त्या वाड्यांतील वडीलधाऱ्यांना विचारावे लागेल की, ते स्वतः पैदाशीसाठी घोडा निवडताना काय पाहतात.